अठ्ठेचाळीस नंबरची सबब

मी ज्यांच्यामुळे वकील झालो ते स्वतः वकील नव्हते. मुरबाडच्या मामलेदार कचेरीबाहेर लाकडी पेटी पुढ्यात घेऊन बसणारे ते अर्जनवीस. लोकांची हकीगत ऐकून ती अर्जाच्या रूपात कागदावर उतरवायची, हे त्यांचे काम, आणि त्याचा त्यांच्याकडे सरकारी परवाना होता. आमच्या घरात माझ्याआधी कोणी पाटीला हात लावला नव्हता. माझे अक्षर त्यांनी लावले, कल्याणच्या हायस्कुलात त्यांनी मला नेऊन बसवले, आणि पुढे कॉलेजसाठी वडिलांची समजूत घालायला आमच्या पाड्यावर तेच चालत आले. मी त्यांना काका म्हणत असे.

काकांची एक पद्धत होती. माणूस समोर बसला की ते टाक खाली ठेवत आणि विचारत, "सबब काय?" अर्जाच्या भाषेत सबब म्हणजे कारण. आपण बोलताना मात्र खोट्या कारणालाच सबब म्हणतो. काका ही दोन्ही एकत्र होऊ देत नसत. एकदा एका शेतकऱ्याला जंगलखात्याचा दंड माफ करून हवा होता. बैल मेला, म्हणून कामे अडली, असे लिहा म्हणाला. काकांनी विचारले, "मेला का विकला?"

"मेला म्हना ना, काका. सायबाला कुठं दिसतंय?"

"साहेबाला नाही दिसत. मला दिसतंय."

त्या माणसाने शेवटी खरे ते सांगितले आणि काकांनी तेच लिहिले. दंड माफ झाला की नाही ते आठवत नाही. "मला दिसतंय" एवढे आठवते, कारण पुढे काकांना दिसेनासे झाले.

लढाईची वर्षे होती. मी मुंबईला लॉ कॉलेजच्या शेवटच्या वर्गात होतो. वर्ग संध्याकाळी भरत. गिरगावातल्या एका खोलीत आम्ही तिघे राहायचो: मी, रत्नागिरीकडचा एक नकलाकार आणि शहापूरच्या भातगिरणीवाल्यांचा मुलगा. हा शहापूरकर आमच्या वर्गाचा पुढारी होता. पहिल्या वर्षी वर्गातल्या लुटुपुटूच्या कोर्टात मी इंग्रजीत बाजू मांडायला उभा राहिलो आणि सवयीने बोलून गेलो, "सबब, माय लॉर्ड." त्या दिवसापासून माझे नाव सबब पडले. प्राध्यापकांना सोडून सगळे मला त्याच नावाने हाक मारत. मला राग आला नाही. मुरबाडची एवढी एक गोष्ट मुंबईला चालली, याचे बरेच वाटले.

शेवटच्या वर्षी दिवाळीत मुरबाडला गेलो तेव्हा काकांनी मला आतल्या खोलीत नेले. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढताना तो डोळा गेला होता, आणि दुसऱ्यालाही आता ओळ दिसत नव्हती. परवान्याची अट अशी होती की अर्ज अर्जनवीसाने स्वतःच्या हाताने लिहावा आणि शेवटी तसे नमूद करावे: दस्तुर खुद्द. दिसत नाही हे कचेरीत कळले तर परवाना जाणार होता. त्यांना मूलबाळ नव्हते, गावात दुसरा आधार नव्हता. काकू होत्या, त्यांना वाचता येत नव्हते.

ते म्हणाले, "तुझं अक्षर माझंच आहे. मीच लावलंय. वकिलीची सनद मिळून तू इथं टेबल टाकेपर्यंत निभावून नेऊ." मग जरा थांबून म्हणाले, "दस्तुर खुद्द म्हणायला तशी हरकत नाही." हे म्हणताना त्यांनी तोंड भिंतीकडे केले होते.

मग असे ठरले. सोमवार ते बुधवार पक्षकारांनी घरी यायचे. काका ओटीवर बसून मोठ्याने विचारत, ऐकलेले पुन्हा मोठ्याने म्हणत, आणि मी दाराआड बसून लिहून काढी. टीपकागद आणतो म्हणून ते आत येत, मी बोट धरून त्यांचा टाक सहीच्या जागी टेकवी, आणि ते सही करून बाहेर जात. बुधवारी संध्याकाळच्या सर्व्हिस मोटारीने मी कल्याणला येई. पेट्रोल मिळत नव्हते म्हणून मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. चढ लागला की आम्ही उतारू उतरून चालायचो आणि मोटार मागून यायची.

यात आठवड्यातले तीन वर्ग बुडत. ठरावीक हजेरी भरली नाही तर टर्म मिळत नसे, आणि टर्म नाही म्हणजे परीक्षा नाही. दोन्ही मित्रांना मी एवढेच सांगितले की सोमवार ते बुधवार मला गावी जावे लागेल. शहापूरकर म्हणाला, लग्न झालेले दिसते. वर्गात तसेच पसरले. पण खरे कारण कोणी खोदून विचारले नाही. सबबला सबब विचारायची नाही, असा शहापूरकराने वर्गाचा कायदाच केला. रत्नागिरीकर माझा आवाज इतका हुबेहूब काढी की मी स्वतःही फसलो असतो: आधी थोडे खाकरणे, मग "प्रेझेंट, सर." तो नसेल तेव्हा शहापूरकर हजेरी देई. दोन महिने माझा हजेरीचा अठ्ठेचाळीस नंबर एकही दिवस गैरहजर नव्हता.

एका सोमवारी कुणी अधिकारी वारल्याने कचेरी बंद राहिली आणि मी दुपारीच परत निघालो. वर्गात शिरलो तेव्हा हजेरी सुरू झाली होती. मी मागच्या बाकावर जाऊन बसलो. त्या दिवशी रत्नागिरीकर खिडकीशी होता आणि शहापूरकर पुढे. दोघांनीही मला पाहिले नाही, आणि आज दुसरा आला आहे हे दोघांनाही ठाऊक नव्हते.

"फॉर्टी-एट."

तीन कोपऱ्यांतून एकदम आले, "प्रेझेंट, सर." तिन्ही वेळा आधी खाकरणे होते.

 मग मागून कोणीतरी म्हणाले, "कोरम झाला, सर," आणि वर्ग फुटला. प्राध्यापकही हसले. पण हसता हसता त्यांनी हजेरीचे पुस्तक मिटले. अठ्ठेचाळीसला त्यांनी उभे राहायला सांगितले. मी उभा राहिलो. आज मी तीनदा हजर आहे, तर गेल्या दोन महिन्यांत किती वेळा होतो ते लेखी द्यावे, असे ते म्हणाले. ते रागावले असते तर मला सोपे गेले असते.

आठवड्याभरात सूचनाफलकावर माझा नंबर लागला. हजेरी कमी, टर्म नामंजूर. पुरेसे कारण पुराव्यासह दाखवले तर प्रिन्सिपल उणीव माफ करू शकतील, असे खाली लिहिले होते.

वर्ष बुडाले तर वर्षभर दाराआडचे ते लिहिणे चालू ठेवावे लागणार होते, आणि ते टिकणार नव्हते. कचेरीत नवा अव्वल कारकून आला होता आणि त्याने काकांना, तुम्ही हल्ली पेटी घेऊन का बसत नाही, असे दोनदा विचारले होते. अर्जात खरे कारण लिहावे तर काकांचा परवाना मीच माझ्या हाताने काढून घेणार.  पुस्तक उघडले की ओळी नुसत्या समोरून जात.

मित्रांनी त्यांच्या परीने उपाय केला. खोलीतल्या माठाला काळा कोट घालून त्यांनी न्यायाधीश केले आणि माझ्यावर खटला भरला. आरोपी एकाच वेळी तीन ठिकाणी हजर राहतो, त्याअर्थी तो मनुष्य नव्हे, आणि मनुष्य नसलेल्याला हजेरीचा नियम लागू होत नाही, असा रत्नागिरीकराने युक्तिवाद केला. शेजारच्या खोलीतलेही ऐकायला आले. मी हसलो. मग मला थांबता येईना, आणि ते हसणे राहिले नाही.  शहापूरकराने माठावरचा कोट काढून माझ्या खांद्यावर टाकला.

"माझे मामा शहापूरला डॉक्टर आहेत," तो म्हणाला. "हिवतापाला पुरावा लागत नाही रे. आमच्याकडचा आहे म्हटलं की झालं."

दुसऱ्या दिवशी आम्ही आसनगावला उतरून शहापूरला गेलो. डॉक्टरांनी माझी नाडी पाहिली. ताप नव्हता, हात मात्र गार होते. ताप कधीपासून येतो, असे त्यांनी विचारले. दिवाळीपासून, असे भाच्याने सांगितले. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि दाखला लिहिला. बाहेर आल्यावर, इथून मुरबाडला जाऊन काकांना सगळे सांगावे असे फार वाटले. पण ते पहिला प्रश्न काय विचारणार ते मला ठाऊक होते. मी आसनगावची वाट धरली.

अर्ज मी इंग्रजीत लिहिला. सोमवार ते बुधवारच ताप कसा येतो, असे प्रिन्सिपलनी विचारले नाही. टर्म मंजूर झाली. त्याच आठवड्यात गुरुवारी वर्गाचा निरोपाचा फोटो होता. सगळे आलेत ना, असे फोटोवाल्याने विचारले, तेव्हा खुर्चीत बसलेले प्राध्यापक मागे न वळता म्हणाले, "फॉर्टी-एट?" सगळा वर्ग आधी खाकरला आणि मग एका आवाजात ओरडला, "प्रेझेंट, सर." त्या फोटोत झाडून सगळे हसत आहेत. त्या दिवशी उत्तर न देणारा मी एकटाच होतो. तोंड उघडले असते तर काय बाहेर आले असते, सांगता येत नाही.

फोटो झाल्यावर मी खोलीवर गेलो आणि काकांना पत्र लिहिले. चष्मा घरात राहिला असे सांगून ते आलेली पत्रे पोस्टमनकडून वाचून घेत, हे मला माहीत होते. म्हणून परक्याने वाचले तरी चालेल एवढेच लिहायचे होते.  सोमवारी गेलो तेव्हा काकांनी आपला परवाना आपण होऊन मामलेदारांच्या टेबलावर ठेवला होता. ज्यासाठी मी खोटे लिहिले होते ते त्यांनी दोन दिवसांत संपवले. घरात काकू भांडी गोणपाटात बांधत होत्या. त्या दोघांना कोकणात काकांच्या बहिणीकडे जायचे होते. मी ओटीवर बसलो. काकांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि ते म्हणाले, "सबब कळली."  मी उन्हाळ्यात पास झालो, पण सनद हातात पडून मुरबाडला टेबल टाकीपर्यंत ते तिकडे वारले होते. मला महिन्याने कळले.

नक्कल ठेवल्याशिवाय कागद हातचा सोडायचा नाही, ही काकांचीच शिकवण. त्यामुळे ते पत्र माझ्याजवळ आहे.

तीर्थरूप काका यांस,

बालकाचा शिरसाष्टांग नमस्कार. माझी टर्म मंजूर झाली. परीक्षेला बसता येईल. हे ऐकून तुम्हाला आनंद होईल, तो होण्याआधी पुढचे ऐका.

हजेरी कमी पडली म्हणून अर्ज करावा लागला. अर्जात मी हिवतापाचे कारण दिले आणि डॉक्टरांचा दाखला जोडला. मला ताप आलेला नव्हता. मी कुठे होतो ते तुम्हाला माहीत आहे, आणि हे वाचून दाखवणाऱ्याला ते माहीत असण्याची गरज नाही.

तुमच्या शेजारी बसून मी दुसऱ्यांचे कितीतरी अर्ज लिहिलेले पाहिले. त्यांत एकही सबब खोटी नव्हती. स्वतःसाठी पहिला अर्ज लिहिला तो खोटा लिहिला. मित्रांचा दोष नाही, ते माझ्यावरच्या प्रेमापोटी करत होते. खरे लिहिले असते तर काय झाले असते ते मी रोज मनात लिहून पाहतो आणि शेवटच्या ओळीशी थांबतो.

सोमवारी येतो. तुम्ही विचाराल तेव्हा मला उत्तर देता येणार नाही, म्हणून आधी कळवले. काकूंना नमस्कार सांगा.

हे पत्र कोणी सांगून लिहिलेले नाही.

दस्तुर खुद्द.