दोन पाच तारखा

वच्छीचं कार्ड आलं तेव्हा मी पुण्याच्या छापखान्यात कुणाच्या तरी लग्नपत्रिकेचे खिळे (शिशाची अक्षरं) जुळवत होतो. "पाच तारखेला गोरज मुहूर्तावर माझं लग्न. कान पिळायला तू नसलास तर मी बोहल्यावर चढायची नाही." वच्छी माझी मावसबहीण. तिला सख्खा भाऊ नाही, तेव्हा नवरदेवाचा कान पिळायचा मान माझाच, हे आम्ही लहानपणीच ठरवून टाकलं होतं. मुलगा लांबचा, रायचूरचा. मालकांनी कुरकुरत तीन दिवसांची रजा दिली आणि चौथ्या दिवशी दुसरा माणूस ठेवीन, असं बजावलं.

पाच तारखेला सकाळी कुर्डुवाडीला छोट्या गाडीत बसलो. ही गाडी धावते कमी आणि दम खाते जास्त. बार्शी मागे पडली, मोगलाई (निजामाचा मुलूख) लागली. येडशीला उतरलो तेव्हा दुपार कलली होती.

स्टेशनावर करोडगिरीच्या (जकातीच्या) शिपायानं माझी पिशवी उघडली. वच्छीसाठी घेतलेलं हिरवं लुगडं वर निघालं.

"नया कपडा? ठैरो. साब कू आने दो."

"बहिणीचं लग्न आहे हो! आज पाच तारीख, संध्याकाळचा मुहूर्त!"

"आज पाँच किधर है, मियाँ?" तो हसला.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण सरकारी शिपायापुढे बोलणार काय? तासाभरानं साहेब आले, लुगडं उलटंपालटं करून पाहिलं आणि 'जाव' म्हणाले.

मावशीचं गाव दोन कोसांवर. रामलिंगाच्या दरीकडून जवळची वाट होती, ती धरली. वाटेत शेळ्या चारणारे एक म्हातारबाबा भेटले.

"बाबा, रायचूरचं वऱ्हाड गेलं का इकडून?"

"वऱ्हाड? न्हाय बा. वाजंत्री बी कानावर आली न्हाय. पानी पिऊन जावा की."

पाणी प्यालो. त्यांनी हातावर भाकरी आणि शेंगाची चटणी ठेवली. पुढच्याच वळणावर माकडानं निम्मी भाकरी हिसकावली, तरी मी थांबलो नाही. लग्न मोडलं की काय? घरात काही बरंवाईट झालं नसेल ना?

दारात मांडव नव्हता. ओट्यावर वच्छी अक्षतांचे तांदूळ निवडत बसली होती. मला पाहून तिला जराही नवल वाटलं नाही. मावशीला मात्र वाटलं.

"अगं बया! आजच कसा आलास रं? लगीन अजून पाच दिसांनी हाय. आमची पाच तारीख फसलीची (निजाम सरकारच्या वर्षाची). पत्रिका न्हाय मिळाली व्हय? वच्छीनंच टाकली की टपालात."

मावशी चहा टाकायला आत गेली. वच्छीनं तांदळाच्या सुपाखालून माझ्या नावाची पत्रिका काढून पुढे ठेवली. तिच्यावर फसली महिना ठसठशीत छापला होता. रोज लोकांच्या तारखा जुळवणाऱ्या मला कार्डावर महिनाच नाही, हे दिसलं नव्हतं.

"मुद्दाम केलंस?" मी ओरडलोच.

"महिना लिवला असता तर लग्नाच्या सकाळी आला असतास अन् संध्याकाळच्या गाडीला पळाला असतास. मंग मी रायचूरला. मंग कुठं गाठ पडतीय आपली?"

"माझी नोकरी जाईल, वच्छे."

तिचे हात थांबले. "मला न्हाय ठाव. जा मंग उद्या," असं म्हणून तिनं मान खाली घातली. तांदळावर टपटप पाणी पडलं. मला तिचा भयंकर राग आला होता आणि तिच्याइतकं माझं कुणी नाही, हेही त्याच क्षणी कळलं. मी राहिलो.

पाच दिवस आम्ही लहानपणासारखे भांडलो. सहाव्या दिवशी मी कान असा पिळला की नवरदेव कानडीत काहीतरी बोलला. त्याचा अर्थ कुणीच मला सांगितला नाही.

परतताना येडशीला तोच शिपाई भेटला. "हो गई शादी?"

"झाली," मी म्हटलं, "पाच तारखेलाच."

पुण्यात माझ्या स्टुलावर दुसराच माणूस बसला होता. नवं काम मिळायला दोन महिने लागले. वच्छीची गाठ त्यानंतर पडलेली नाही. पण माझ्या महिन्यात अजूनही दोन पाच तारखा येतात. पहिली सगळ्यांची. दुसरीला मी रायचूरला कार्ड टाकतो आणि त्यावर महिना लिहीत नाही.