एका गाडीची तीन नावं

"एका गाडीला तीन नावं कशाला, आसं कुनीतरी सायबाला शिकवलं म्हनं," मामा दारात कुणाला तरी सांगत होते.

आमच्या कुपवाडच्या कारखान्यात गाड्यांवरची पितळी नावं ओतत आणि आमचे जुने कामगार मामा ती कानशीनं घासत. ती नावं आमच्याकडून घेणारी, डबघाईला आलेली मोटार कंपनी एकच गाडी तीन नावांनी विकायची. महिन्यापूर्वी तिचे साहेब आले, तेव्हा कॉन्व्हेंटात शिकलेली म्हणून बाबांनी मला दुभाषी बसवलं. मत कुणी विचारलं नव्हतं. तरी मी म्हटलं, लोक एकच नाव ओळखतात, तेवढंच ठेवा. साहेबांनी ते लिहून घेतलं, आणि मला फार शहाणं वाटलं.

आता दोन नावांचे साचे भंगारात आणि काम उरलं नाही म्हणून मामा कायमचे घरी निघाले होते.

"येतो ताई," डबा उचलत ते म्हणाले.

"मामा, साहेबांना ते मीच सांगितलं."