चार माणसांचा ओटा

नव्या घरात काय हवं, असं विचारलं की वैजयंतीबाईंचं उत्तर ठरलेलं. "मला बाई एक ओटा हवा. चार माणसं ऐसपैस बसतील असा." बाकी जिना कसाही असो, बाग असो-नसो.

विचारणारा त्यांचा मुलगा स्वानंद. जन्म नॉटिंगहॅमचा, शाळा-कॉलेज तिथलंच. चाळिशीत ह्या पठ्ठ्याच्या डोक्यात खूळ शिरलं की घर विकत घ्यायचं नाही, स्वतःच्या हातांनी बांधायचं आणि आई-बाबांना घेऊन राहायचं. ट्रामच्या शेवटच्या स्टॉपपलीकडे जागा मिळाली, रखडत रखडत कौन्सिलची परवानगी आली. मग आठवडाभर ऑफिस आणि शनिवार-रविवार विटा. प्लास्टर शिकला, पाइप जोडायला शिकला, शिडीवरून पडून मनगट मोडून घेतलं. चार वर्षं चाललं हे. फोनवर मात्र दर वेळी विचारायचा, "आई, तुला काय पायजे?" आणि बाई दर वेळी सांगायच्या, ओटा.

बाई मूळच्या कराडच्या. वडील पोस्टात, दोन खोल्यांचं बिऱ्हाड, पण दाराबाहेर दगडी ओटा. भाजी निवडायची तिथे, भांडायचं तिथे. डॉक्टर उदयराव मुलगी बघायला आले तेव्हा आत जागा नव्हती, म्हणून दोघं बोलली तीही ओट्यावरच, अख्ख्या गल्लीच्या देखत! नॉटिंगहॅमला आल्यावर ते हॉस्पिटलात, ह्या मिडवाइफ. माणसं चांगली हो इथली, पण दार लागलं की लागलं. महिना-महिना शेजारणीचं तोंड दिसायचं नाही. तेव्हा उदयराव म्हणायचे, "रिटायर झालो की घर बांधू. पुढे ओटा करू आणि दोघं नुसतं बसू."

पाया भरला त्याच हिवाळ्यात उदयराव गेले. बसायचं तरी आता कुणाबरोबर? पण बाईंच्या मनाने घेतलं, की ओटा झाला तर तेवढ्यापुरते का होईना, ते शेजारी असल्यासारखे वाटतील. वेडेपणा म्हणा हवं तर. त्यांना तो ओटा हवाच होता.

एप्रिलमध्ये घर पुरं झालं. स्वानंद आईला गाडीतून घेऊन आला. बाई उतरल्या, तर दारापुढे नुसती खडी आणि उरलेल्या विटांची गुडघाभर उंच थप्पी. मागच्या बाजूला केला असेल, असं त्यांनी मनाशी म्हटलं. स्वानंदने त्यांना हात धरून थेट स्वयंपाकघरात नेलं.

"आई, बघ! तुझी ओटा!"

काळाभोर ग्रॅनाइटचा बारा फुटी ओटा, आणि त्याला लागून चार उंच स्टुलं. "चार माणसं. आय रिमेंबर्ड!"

अरे देवा! आणि चूक तरी कुणाची? 'ओटा पूस', 'ओट्यावर ठेव', 'मेल्या, ओट्यावर चढू नकोस' हे पोराला लहानपणापासून कुणी ऐकवलं? बाईंनीच. दारापुढचा ओटा त्याने जन्मात पाहिला नव्हता. भारतात जायचा तो पुण्याला, मावशीच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये.

बाईंनी त्याच्या हातांकडे पाहिलं. सिमेंटने तळवे फुटले होते.

"झकास झालाय रे," त्या म्हणाल्या. "अगदी असाच हवा होता मला." मग बाथरूममध्ये गेल्या, नळ सोडला आणि पोटभर रडून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून बाई चार वाजता चहाचा कप घेऊन बाहेर यायला लागल्या. विटांच्या थप्पीवर घोंगडी टाकायची आणि एका कडेला बसायचं. कुत्रं फिरवणारा म्हातारा थांबून हवापाण्याचं बोलायचा. समोरची बाई तर तिसऱ्या दिवशी आपल्या गुडघ्याचं ऑपरेशन सविस्तर सांगून गेली! त्यांच्या डाव्या हाताची जागा तेवढी रिकामी असायची.

रविवारी स्वानंद बाहेर आला. "आई, इथे काय बसते? मागे बेंच आहे ना, छान. उद्या लॉरी येणार, हा सगळा वीट घेऊन जाणार."

"राहू दे की."

"का? किती वाईट दिसतो!" असं म्हणत तो त्यांच्या डाव्या बाजूला टेकला, आणि बाईंच्या तोंडून निघून गेलं, "तिथे नको, इकडे बस. ती बाबांची जागा आहे."

तो उठला आणि मुकाट्याने उजवीकडे येऊन बसला. समोरच्या बाईने खिडकीतून हात केला, दोघांनीही केला.

"बाबांना असं बसायचा होता? घराच्या पुढे?"

"हो. फार हौस होती त्यांना. मलाही."

स्वानंदने हात पुसत विटांकडे पाहिलं, मग दाराकडे. "मग मला सांगितला का नाही, आई? मी केला असता."

शंभर वेळा सांगितलेला शब्द बाईंच्या ओठांवर आला. त्यांनी तो चहाच्या घोटाबरोबर गिळून टाकला.

"अरे, सांगणार होते," त्या म्हणाल्या. "राहूनच गेलं बघ."