आगाऊ उपकारस्तुती

आभार मानायचे तर आधी काहीतरी घडलेलं असावं लागतं, हे आख्ख्या खालापूर तालुक्यात माझ्या थोरल्या साडूंना सोडून सगळ्यांना ठाऊक आहे. आमच्या ख्रिस्ती घरांत दुखणं बरं झालं, नोकरी लागली, की चर्चच्या मंडळीला घरी बोलावून उपकारस्तुती करतात. गीतं, प्रार्थना, मग जेवण. साडू ती आधीच उरकतात. मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशाबद्दल त्यांनी अर्ज भरण्यापूर्वीच जेवण घातलं, तेव्हा मेव्हणी पुऱ्या लाटता लाटता म्हणाली, "अहो, निदान फॉर्म तरी आणा!" प्रवेश मिळाला, पण पुढच्या वर्षी. परसात बोअर मारताना मशीन चालू असतानाच त्यांनी मंडळी बसवली. आम्ही पाण्याबद्दल धन्यवाद गात होतो आणि भोकातली पांढरी धूळ आमच्या वरणात पडत होती. तिथे थेंब लागला नाही. आठ महिन्यांनी दुसऱ्या जागी लागला, तेव्हा हा गृहस्थ कळशी आणि पेला घेऊन त्या दिवशीच्या प्रत्येक पाहुण्याच्या दारात गेला. "तवाचं राह्यलं व्हतं, प्या." कोणी चेष्टा केली तर उत्तर ठरलेलं, "देव काल व्हता, उद्या बी हाय. मग मी कशाला थांबू रं?" शेवटी चर्चचे पाळकसाहेबही निमंत्रण घेताना विचारू लागले, "झालेलं आहे, की व्हायचंय?"

हसणाऱ्यांत मी पुढे असायचो. आता जे लिहितो, ते सहा वर्षांत बायकोलाही सांगितलेलं नाही. साडू खोपोलीजवळच्या एका कारखान्यात फिटर, मी तिथेच ऑफिसात क्लार्क. कारखाना चार महिने बंद होता. पुन्हा सुरू होणार अशी बातमी उठली आणि साडूंनी लगेच उपकारस्तुतीसाठी रविवार धरला. कुंभिवलीच्या एका वर्कशॉपने त्यांना कामावर बोलावलं होतं, शनिवारपर्यंत होय-नाही कळवा म्हणून. शनिवारी त्यांनी 'नाही' म्हणून कळवून टाकलं. मी मात्र शुक्रवारीच कारखाना कायमचा बंद झाल्याची नोटीस टाइप केली होती. सोमवारी ती गेटवर लागेपर्यंत तोंड उघडायचं नाही, असं साहेबांनी बजावलं. आवराआवरीसाठी मला आणखी वर्षभर ठेवणार होते. मी "हो सर" म्हणालो. रविवारी अंगणात साठ माणसं, बहुतेक कारखान्यातलीच. बायबलमधला शास्त्रपाठ वाचायला साडूंनी मलाच उभं केलं. मी खणखणीत आवाजात वाचला. भात दोनदा घेतला.

मंगळवारी संध्याकाळी गेलो तेव्हा साडू मंडपाचे बांबू सोडत होते. मी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं.

"शुक्रवारी?"

"शुक्रवारी."

"म्हंजे माझा शनवार हातात व्हता."

"होता, दादा."

ते पुन्हा दोरीची गाठ सोडवू लागले. "देवाचं काय नाय रं," ते म्हणाले. "कारखान्याला टाळं लागलं म्हनून त्याला लागत नाय. त्याचे आभार मानले ते बरोबरच व्हते. पन तुला माफ करायचं आज मला जमत नाय. लय राग हाय तुझा."

मी चपला घालू लागलो.

"थांब रं! जमंल. तो घेईल माझ्याकडून करून. येत्या रविवारी उपकारस्तुती ठेवतो, तुला माफ केल्याची. बायकोला घेऊन ये."

आतून मेव्हणी ओरडली, "आता आनि कशाची?"

पुढे सात महिने त्यांनी पंप दुरुस्त केले, गेटं जोडली, आणि मग त्याच वर्कशॉपात जागा निघाली. या सात महिन्यांत त्यांचा चेहरा पडलेला मी पाहिला नाही. पडला तो माझाच. माफी पुरी झाली का, हे मी विचारलं नाही, त्यांनीही कळवलं नाही.

पण तो रविवार मनातून जात नाही. 'कशाबद्दल?' असं जो तो विचारत होता आणि साडू "घरातलं हाय" एवढंच सांगून पत्रावळी मांडत होते. प्रार्थना त्यांनी स्वतः केली. धाकट्या साडूबद्दल, बापा, तुझे आभार, असं म्हणताना माझ्या नावापाशी त्यांचा आवाज अडला. डोळे मिटूनच ते थांबले, घसा खाकरला, आणि तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.