आईच्या चपला

व्हिएन्नातल्या त्या जुन्या चर्चच्या दारात आईने सवयीने चपला काढल्या आणि थंडगार फरशीवर अनवाणी पाऊल ठेवलं. "देवाचं घर आहे रे," ती म्हणाली.

व्हिएन्नातच नोकरी करणारा माझा भाऊ दबक्या आवाजात खेकसला, "आई, घाल त्या! लोक बघतायत."

कोणीही बघत नव्हतं. दारावरचा म्हातारा रखवालदार तेवढा कौतुकाने हसला होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. देवापुढे नम्र व्हायचं, तेही आजूबाजूला बघून, हे आम्ही कुठे शिकलो? पण मीही वाकले आणि चपला तिच्या पायाशी सरकवल्या.

आईने चपला घातल्या. आत रंगीत काचांतून ऊन उतरत होतं.

"किती सुंदर आहे ना?" भाऊ म्हणाला.

आईने मान हलवली. हात मात्र जोडले नाहीत. ते तिने पर्सवर घट्ट धरून ठेवले होते.