बाटलीतला शेवटचा निळा

आधीच सांगते बाप्पा... अंगात येणं, करणी, भानामती, असल्या गोष्टींवर मी आजवर हसतच आली. अकोल्यात पन्नास वर्षं साड्या रंगवल्या. रंग उडाला तर त्याले कारण असतेच, हे मले पक्कं माईत.

आमच्या धंद्यात भांड्यातलं उरलेलं रंगाचं पाणी सगळं फेकत नाहीत, थोडं बाटलीत ठेवतात — पुढं तोच रंग जुळवायले. आमच्या ह्यांनी शेवटची रंगवली ती माझीच सुती साडी, गर्द निळी. "माझ्यामागं पांढरं नेसू नोको," म्हणाले, अन् पंधरा दिवसांत गेले. साडी कपाटात, तिच्याच उरलेल्या रंगाची बाटली फळीवर.

नात प्रणाली अमरावतीले पीएच.डी. करते. संत्र्याच्या सालीच्या काढ्यात जस्ताचा क्षार उकळून, भट्टीत भाजून, डोळ्याले न दिसणाऱ्या कणांची पूड बनवते. साध्या दिव्याच्या उजेडात ती पूड पाण्यातला रंग तोडते म्हणे.

"आजी, लॅबमधला रंग तुटला. आता धंद्यातला खरा रंग पाह्यजे. नाही तर सर पुढं जाऊ देत नाहीत."

"मंग काहून रडून राह्यली? बाटली हाय ना!"

मी स्वतः घेऊन गेली. दोन भांड्यांत तेच निळं पाणी ओतलं, एकातच पूड, वर दिवा. दुपारी दोनच्या सुमारास पुडीचं पाणी नितळ! दुसरं तसंच निळं. पोरगी नाचलीच... मीही टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी घरी येऊन कपाट उघडलं. कुलूप माझंच, किल्ली कमरेले. निळी साडी पांढरीफटक! डाग नाही, भोक नाही. वरची लाल, खालची हिरवी जशीच्या तशी.

फोन केला तशी प्रणाली सकाळीच आली, दुसऱ्या भांड्यातलं निळं पाणी घेऊन.

"आजी, पूड लॅबच्या बाहेर गेलीच नाही वं. हे होऊच शकत नाही."

"मंग हे काय हाय? सांग ना, शिकली एवढी!"

मीठ टाकून तेच पाणी उकळलं. साडीचा पदर बुडवला, सोबत एक पांढरा सुती रुमाल. रुमाल गर्द निळा निघाला. पदर... पांढराच. सुती कपड्यानं असा रंग नाकारलेला मी जन्मात पाह्यला नाही.

प्रणाली हळूच म्हणाली, "एक धागा दे आजी, मशीनमधे पाहते."

नाही दिला. मशीननं सांगितलं असतं की ह्यांचा रंग आता कुठंच उरला नाही, तर ते ऐकून मी काय करणार होती?