कुंभारटेकीची उंची

दुपारचं जेवण झालं आहे. ओसरीवरच्या आरामखुर्चीत मी पाण्याच्या नव्या टाकीचा नकाशा मांडीवर घेऊन बसलो आहे. उद्या सकाळी टाकीचं भूमिपूजन आहे आणि नारळ मी फोडायचा आहे. "जुन्या टाकीची मापं तुम्हीच घेतली होती ना गुरुजी, मग मान तुमचाच," असं नगरपालिकेचे इंजिनिअर सांगून गेले. नकाशाच्या कोपऱ्यात गावातल्या सगळ्यात उंच वस्तीची, कुंभारटेकीची, उंची लिहिली आहे. आकडा माझाच आहे, अडतीस वर्षांपूर्वीचा. पुन्हा कुणी मोजलेलं नाही. डोळे जड होतात. एका आकड्याचे दोन दिसतात, मग तेही दिसेनासे होतात.

"गुरुजी, पाय जरा आत घ्या. व्हॉल्व्ह तुमच्या खुर्चीखाली आहे."

समोर हसनभाई उभे आहेत. गावाला पाणी सोडायचं काम त्यांचं. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मातीला मी गेलो होतो. खांद्यावर व्हॉल्व्ह फिरवायची तीच लांब लोखंडी किल्ली आहे आणि पायजमा गुडघ्यापर्यंत ओला आहे.

मी पाय घेतो. फरशीत खरंच झाकण आहे. हसनभाई किल्ली आत घालतात आणि वरच्या टोकाला कान लावतात.

"काय ऐकू येतं?"

"तेच. टेकीच्या पायऱ्यांशी पाणी दमतं. वर जात नाही."

मी वाकून बघायला उठतो, तर ओसरी नाही. आम्ही जुन्या टाकीच्या पोटात उभे आहोत. टाकी कोरडी आहे, गोल भिंतीला फळा टांगला आहे आणि सातवीची मुलं मांडी घालून बसली आहेत. त्यांच्या हातात लांबलचक पारदर्शक नळी आहे, आत कुंकू घालून लाल केलेलं पाणी. मी शिकवायला लागतो. नळी कशीही वाकवा, दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर राहतं. या काठीवरची उंची त्या काठीवर न्यायची, तिथून पुढच्या. असं करत शाळेपासून कुंभारटेकीपर्यंत जायचं.

कुंभारांची चंपा हात वर करते. "गुरुजी, नळीत हवा आहे."

शाळा सुटायची घंटा होते.

"असू दे," मी म्हणतो. "पुढे चला."

हसनभाई किल्लीवर हनुवटी टेकून बघत असतात. "या खेपेला तरी थांबाल असं वाटलं होतं."

मी फळ्याकडे तोंड करतो. फळ्यावर सगळं लिहिलेलंच आहे. नळीत हवा अडकली की दोन टोकांचं पाणी सारखं राहत नाही. एका ठिकाणी वीतभर चूक, अशी सात ठिकाणं. कागदावर कुंभारटेकी पाच फूट खाली गेली आणि टाकी तेवढीच ठेंगणी बांधली गेली. दुसऱ्या दिवशी नळी रिकामी करताना मला हवेचा फुगा दिसला होता. तोवर कागद नगरपालिकेत पोचला होता. मी गप्प बसलो.

आता आम्ही टेकीच्या पायऱ्यांवर बसलो आहोत. पायऱ्या शाळेच्या बाकांच्या आहेत, शाईचे डाग पडलेल्या. खालून चंपा वर येते. पन्नाशीची झाली आहे, डोक्यावर हंडा, काखेत कळशी. हसनभाई गेल्यापासून ती रोज माझ्या दारापुढच्या नळावर येते आणि मला बघून हसते. आत्ताही हसते आणि पुढे जाते.

"तुम्हाला कधी कळलं?" मी हसनभाईंना विचारतो.

"पहिल्यांदा पाणी सोडलं त्याच दिवशी. मग पहाटे बाजारपेठेचा व्हॉल्व्ह साडेतीन फेरे आवळायचो. तेव्हा कुठे टेकीवर पाणी चढायचं. पेठेतल्यांच्या शिव्या खाल्ल्या. चहासुद्धा कुणी पाजला नाही."

"बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुमची मुलं पुन्हा शाळेबाहेर सोडली असती का कुणी? माझी रेहाना त्याच वर्गात होती. घरी येऊन नळी घेऊन बसायची. बकरीची उंचीसुद्धा मोजली तिनं."

मला हसू येतं, पण ते वर येईपर्यंत दमतं.

"नवी टाकी बटणावर चालणार म्हणे," हसनभाई म्हणतात.

"हो."

"बटणाला कान नसतात, गुरुजी. आणि मी आता येऊ शकत नाही. फार थकलोय."

"मीही थकलोय. इतकी वर्षं मुलांना सांगत आलो, शंका आली की हात वर करा."

"पोरीनं केला होता की."

हसनभाई नळीचं एक टोक माझ्या हातात देतात. "धरा. तोंडावर अंगठा घट्ट लावा. पाणी सांडलं तर परत हवा शिरेल."

दुसरं टोक घेऊन ते पायऱ्या चढायला लागतात. नळी माझ्या हातांतून सरकत जाते, संपत नाही. पायऱ्या धूसर होतात, त्यांची पाठ दिसेनाशी होते. माझा दंड भरून येतो.

"सोडू का?" मी ओरडून विचारतो.

"मोजून होईपर्यंत नाही," वरून आवाज येतो. "घाई तुम्हीच केली होती."

डोळे उघडतात. घड्याळात पाच वाजून गेले आहेत. नकाशा जमिनीवर पडला आहे आणि खुर्चीखालची फरशी सपाट, कोरडी आहे. हात अवघडला आहे. मी मूठ उघडतो. उजव्या अंगठ्याची कातडी खूप वेळ पाण्यात राहिल्यासारखी सुरकुतली आहे, आणि तिच्यावर नळीच्या तोंडाएवढा गोल वळ उमटला आहे.

नगरपालिका पावणेसहाला बंद होते. इंजिनिअर तोवर तिथे असतील. वळ विरायच्या आत पोचायला हवं. अंगठा मुठीत धरून मी चपला शोधतो.